भीमाए

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला ओला कचरा आणि सुका कचरा यांतला फरक सांगून राजश्री तळभंडारे स्टाफरूममध्ये आली, हातावरचा खडू झटकला, डबा उघडायच्या आधी सवयीनं मोबाइल पाहिला, आणि तो मेल तिला दिसला. लखनौच्या एका संस्थेतून आला होता. लिहिणारी कुणी अंकिता, संशोधन करणारी मुलगी. इंग्रजी फार अदबीचं होतं. दक्षिणेत अरियलूरच्या बाजूला एका नव्या खाणीतून तिला उत्तम नमुने मिळाले होते, हजारांनी, आणि ते सगळे पाहिल्यावर तिला असं वाटू लागलं होतं की राजश्रीनं दोन हजार एक साली वर्णन केलेली जात ही स्वतंत्र जात नसावी. त्याच्या चाळीस वर्षं आधी दुसऱ्या देशात कुणी नोंदवून ठेवलेली एक जात आहे, तिचाच तो एक नमुना असावा. तसं ठरलं तर नियमाप्रमाणे जुनं नाव राहील आणि नवं जाईल. पण हे छापण्याआधी मूळ स्लाइड एकदा पाहणं गरजेचं आहे, ती आपल्याच विभागात ठेवल्याचं लेखात म्हटलं आहे, तर पाठवता येईल का? शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, मॅडम, तुमच्या लेखावरूनच मी हा विषय शिकले.

राजश्रीनं मेल दोनदा वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि डबा उघडला. शेपूची भाजी होती. ती तिनं पोळीशी सगळी खाल्ली. समोर मराठीचे एक सर निवडणुकीच्या ड्यूटीबद्दल काही सांगत होते, त्यांना तिनं दोन ठिकाणी बरोबर हुंकार दिला. आता छातीत काहीतरी होईल म्हणून ती थोडी थांबली. पंखा फिरत होता, खिडकीच्या गजावर कुणीतरी ओला रुमाल वाळत टाकला होता, त्यातून एकेक थेंब खाली पडत होता. थेंब पडायचा थांबला तरी आत काही हललं नाही. गेल्या दीडेक वर्षात हे असंच चाललं होतं. भूशास्त्राला तीन वर्षं एकही विद्यार्थी आला नाही म्हणून विभाग बंद केल्याचा कागद तिच्या हातात दिला, तेव्हा तिनं तारीख आणि वेळ घालून पोचसही केली होती. तेव्हापासून ती सगळ्या शाखांना पर्यावरणाचा सक्तीचा पेपर शिकवायची. फेब्रुवारीत आई मोरीत पडली आणि तिचं डावं अंग लुळं झालं, तेव्हाही राजश्रीनं रिक्षा बोलावली, फाइल सांभाळली, डॉक्टरांना गोळ्यांची नावं न चुकता सांगितली, आणि मग दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून आपल्याला रडू येतंय का ते पाहत राहिली. ते आलं नाही. मग ती उठून खाली चहा प्यायला गेली होती.

तीन वाजता पुढचा तास नव्हता. तिनं सिद्धारामला बोलावून प्रयोगशाळा उघडायला सांगितली. सिद्धाराम विभागातला प्रयोगशाळा सहायक, अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आता निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. विभाग बंद झाल्यावर त्याला परीक्षा विभागात बसवलं होतं आणि प्रयोगशाळेत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भरले होते. कुलूप गंजलं होतं. त्यानं ते दोन वेळा हिसडून काढलं, काय काढायचं हाय मॅडम, म्हणून विचारलं, आणि तिनं स्लाइडच्या पेट्या म्हटल्यावर गठ्ठे बाजूला सारायला लागला. एकेकाळी ह्या खोलीत आम्लाच्या वासानं डोळे चुरचुरायचे. दक्षिणेतून पोत्यातून दगड यायचे, मऊ, राखी रंगाचे, समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचे. सोलापूरचा काळा दगड आगीतून निघालेला, त्यात तिच्या कामाचं काही सापडत नसे. पहिल्या वर्षाची पोरं दरवर्षी विचारायची, मॅडम, आपल्याच दगडात का सापडत न्हाय काही, आणि दरवर्षी ती हसून उत्तर द्यायची. सिद्धाराम पोत्यातला दगड फोडायचा, भुगा करायचा, प्लास्टिकच्या भांड्यात घालून त्यावर आधी एक आम्ल ओतायचा आणि मग दुसरं, ज्याच्यापुढं काचसुद्धा टिकत नाही. चार दिवसांनी अख्खा दगड विरघळून जायचा. भांड्याच्या तळाला चिमूटभर काळसर साका उरायचा, आणि त्या साक्यात ते असायचे.

ते म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. समुद्राच्या पाण्यात तरंगणारे एका पेशीचे जीव, दोन शेपट्या हलवत भोवऱ्यासारखे गरगरत जाणारे. ऋतू फिरला, पाणी सोसेना झालं की त्यातले काही स्वतःभोवती एक टणक कवच करतात, आत मिटून घेतात आणि तळाशी जाऊन पडून राहतात. दिवस बरे आले की कवचाला एक छोटी खिडकी पाडून जीव बाहेर निघून जातो. कवच तिथंच राहतं. लोकांना वाटतं की जीवाश्म म्हणजे मेलेला प्राणी. राजश्री वर्गात सांगायची की नाही, हा तर सोडून दिलेला अंगरखा आहे, आतला कधीच गेला. पूर्वी हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. त्या आवाजाची आता तिला नीट आठवणही येत नव्हती. कुणीतरी दुसरीच बाई बोलत असल्यासारखं ते कानात होतं.

तिसऱ्या पेटीत स्लाइड सापडली. कडेचा, काच चिकटवायला लावलेला बाम पिवळा पडला होता, पण मधला भाग स्वच्छ होता, आणि त्यावर काळ्या शाईनं काढलेलं बारीक वर्तुळ तिच्याच हातचं होतं. सिद्धारामनं सूक्ष्मदर्शकावरची पिशवी काढली, दिवा लागतो का पाहिलं. तो लागला. राजश्रीनं चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. आधी नुसता पिवळा उजेड. मग चाक फिरवताना उजेडातून तो वर आला. केसाच्या जाडीएवढा गोल देह, मधासारखा रंग. भिंत दुहेरी. अंगावर पोकळ काटे, प्रत्येक काट्याचं टोक फाटून तीन बाजूंना वळलेलं. मधोमध कंबरपट्ट्याची खूण. आणि वरच्या अंगाला ती खिडकी, पाच बाजूंची, सरळ कडांची, जणू कुणी मोजून कापली असावी. हे सगळं त्या जुन्या जातीतही होतं, त्यावरून वाद नव्हता. राजश्रीची जात वेगळी ठरली होती ती झालरीवरून. पाठीच्या बाजूला चार काट्यांच्या बुडांना जोडत जाणारी एक पातळ, पारदर्शक झालर. पंचवीस वर्षांची असताना तिनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा श्वास रोखून धरला होता, आपल्या श्वासानं ती हलेल असं वाटून.

आता तिनं चाक हळूहळू फिरवलं. नजर झालरीच्या वरच्या कडेवर आणली आणि तिथून खाली उतरवत नेली. झालर वेगळी असती तर एका जागी ती संपून भिंत सुरू व्हायला हवी होती. ती संपत नव्हती. झालर उतरत उतरत सरळ भिंतच होत होती. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा तेच. साडेसहा कोटी वर्षं गाळाच्या भाराखाली पडून कवच एका अंगाला चेपलं होतं आणि त्याला घडी पडली होती. ती घडी होती. दुसरं काही नव्हतं. राजश्रीनं डोळा काढला, चष्मा खाली घेतला. तिला कळलं की आपल्याला आश्चर्य वाटलेलं नाही.

कारण हे तिला तेव्हाही थोडंसं माहीत होतं. अकरा नमुने मिळाले होते, त्यांतल्या दोनांतच झालर स्पष्ट दिसत होती. बाकीच्यांत आहे म्हटलं तर होती, नाही म्हटलं तर नव्हती. ती तिच्या मार्गदर्शकांकडे, सोमशेखर सरांकडे गेली होती. सरांनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, पुरे आहेत दोन. तिला आणखी एकदा दगड आणवून बघायचं होतं, पण त्या वर्षी प्रबंध द्यायचा होता, शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि सर पुरे म्हणाले होते. त्याआधी दोन वर्षं तिनं जगभरचे लेख मागवून, झेरॉक्स काढून धुंडाळले होते, या जीवाला आधी कुणी नाव ठेवलेलं तर नाही ना हे पाहायला. त्या लेखांत ही जुनी जातही होती. तिचं चित्र तिनं पाहिलं होतं. शेजारी ठेवून पाहिलं होतं. मग वहीत लिहिलं होतं, जुनीत झालर नाही, म्हणून आपली वेगळी.

आणि नाव. नावाचा पहिला भाग वंशाचा, तो ठरलेला असतो. दुसरा शोधणाऱ्यानं द्यायचा. राजश्रीनं लिहिलं होतं: भीमाए. भीमेचा. मसुद्यात खाली नावाचा उगम द्यायचा असतो, तिथं तिनं एका ओळीत लिहिलं होतं की लेखिकेची आई भीमा तळभंडारे यांच्या नावावरून. सरांनी ती ओळ वाचली. सर माणूस वाईट नव्हते. दुसऱ्या कुणी घेतली नसती तेव्हा त्यांनी तिला पीएच.डी.ला घेतलं होतं, आपली पुस्तकं घरी नेऊ दिली होती. त्यांनी विचारलं, आई काय करतात? ती म्हणाली, मार्केट यार्डात धान्य निवडते. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "नदी लिहा. भीमा नदीवरून. नदी काय करते असं कुणी विचारत नाही." स्त्रीचं नाव असो की नदीचं, लॅटिनमध्ये शेपूट तेच लागतं, म्हणजे नाव बदलायची गरज नव्हती, फक्त एक ओळ बदलायची. राजश्रीनं ती तिथंच, त्यांच्या टेबलाशी उभ्या उभ्या, बदलली. राग आला नव्हता. तिला आठवतं ते एवढंच की टेबलावरच्या काचेखाली सरांनी स्वतःच्या गुरूंचा फोटो ठेवला होता, आणि त्या गुरूंच्या नावाच्या दोन जाती सरांनी केलेल्या होत्या.

घरी येऊन मात्र तिनं आईला सांगितलं होतं, आई, तुझं नाव दिलं. तेव्हा त्या दोघी सोलापुरातच बुधवार पेठेत राहायच्या. आईनं ते नळावर सांगितलं, यार्डात सांगितलं, जयंतीच्या मांडवात सांगितलं. माज्या नावाचा किडा हाय समुद्रातला, माज्या राजीनं हुडकला, साडेसहा कोटी वर्साचा. बायका विचारायच्या, मग भीमाबाई, तुमचं वय काय म्हनायचं? आई पदर तोंडाला लावून हसायची. चोवीस वर्षं ती ते सांगत आली होती. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतल्यावर नव्या शेजाऱ्यांनाही तिनं आधी तेच सांगितलं, आणि दवाखान्यात जिभेवर ताबा नसताना सलाइन लावणाऱ्या मुलीला काहीतरी सांगायची तिची जी धडपड चालली होती, तेही तेच होतं. ती मुलगी म्हणाली होती, आजी काहीतरी किडा किडा म्हणतायत, कुठं चावलाय का बघा.

"मिळालं काय मॅडम?" सिद्धारामनं विचारलं. राजश्रीनं त्याला सगळं सांगितलं, मेलमधलं आणि आता दिसलेलं. त्यालाही ह्या स्लाइडची ओळख होती. तो साका त्यानंच धुतला होता, आणि त्या आम्लाचा एक थेंब हातमोज्यातून आत जाऊन त्याच्या उजव्या अंगठ्याचं टोक तेव्हापासून बधिर होतं. त्यानं दोन गठ्ठे उचलून परत जागेवर ठेवले. मग खालच्या आवाजात म्हणाला की गेल्या वर्षी सामान हलवताना दोन पेट्या पडल्या होत्या, काचांचा चुरा झाला होता, त्याची नोंद रजिस्टरला आहे. "त्यात गेली म्हना की. रजिस्टर हाय. कोन इचारतंय?"

हे अगदी खरं होतं. स्लाइड फुटली म्हटलं की अंकिताला काही सिद्ध करता आलं नसतं. ती शंका नोंदवून पुढं गेली असती आणि नाव तसंच राहिलं असतं, जरासं संशयित, पण राहिलं असतं. आईच्या हयातीत तर नक्कीच. राजश्रीनं स्लाइड एका कागदात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि सिद्धारामला म्हणाली, बघते.

त्यानंतरचे चार दिवस ती काही बघत नव्हती. तास घेत होती. अंकिताचा मेल उघडून ठेवायची, त्यावर नजर फिरवायची आणि बंद करायची. एकदा स्कूटी विजापूर रोडच्या सिग्नलला थांबलेली असताना दिवा हिरवा झाला आणि ती गेलीच नाही. मागच्यानं हॉर्न वाजवल्यावर निघाली, आणि पुढं दोन चौक गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण घराच्या उलट दिशेला आलो आहोत. तिनं स्वतःला विचारून पाहिलं, तुला काय वाचवायचंय? आपलं नाव म्हणावं तर ते कुठं होतं. ह्या विषयातली माणसं देशात मोजून पन्नास, त्यांनाही ती आता आठवत नसणार. खोटं बोलायची भीती म्हणावी तर खोटं तिनं चोवीस वर्षांपूर्वीच छापलं होतं, त्या एका ओळीत, आणि त्याचं काही झालं नव्हतं. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी वजन कुठंच पडत नव्हतं. पर्समध्ये हात घातला की कागदाच्या घडीतला काचेचा तुकडा बोटाला लागायचा, आणि तेवढं मात्र लागायचं.

रविवारी सकाळी हेमावती आली नाही. हेमावती शेजारच्या इमारतीतली, अक्कलकोटकडची. राजश्री कॉलेजला गेली की ती आईजवळ बसायची. आजारपणानंतर आई तिच्याशी कानडीत बोलायला लागली होती. आईला कानडी येतं हे राजश्रीला माहीत होतं, माहेर सीमेवरच्या मैंदर्गीचं म्हटल्यावर येणारच, पण एवढं सलग, एवढं भराभर येतं हे नवीन होतं. मराठी शब्दाला जीभ अडखळायची, कानडी मात्र सुटायचं. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी, जुनं आधी परत येतं. त्या रविवारी दोघीच घरी होत्या. डाव्या हाताच्या व्यायामासाठी ताटात राजमा आणि काबुली हरभरा मिसळून ठेवायचा आणि आईनं ते बोटांनी वेगळे करायचे, असा पाठ होता. आईला हा व्यायाम अपमानाचा वाटायचा. तीस वर्षं तिनं तुरीतून खडा, ज्वारीतून काळा दाणा असा उचलला होता की शेजारणीला हात हललेला दिसू नये. हे काय निवडनं हाय, आंधळा बी करंल, ती म्हणायची, आणि मग तिच्या बोटांतून राजमा निसटायचा.

राजश्री समोर स्टुलावर बसली. निसटलेले दाणे गोळा करून परत ताटात टाकता टाकता तिनं सांगून टाकलं. आधी ठरवलं नव्हतं. तुझ्या नावाचा तो जीव, त्याचं नाव आता राहणार नाही. तो वेगळा नव्हताच. त्याला आधीच कुणीतरी नाव दिलेलं होतं, माझी पाहण्यात चूक झाली.

आईनं एक दाणा धरला, उचलला, उजवीकडच्या वाटीपर्यंत नेला. तो वाटीत पडला. "मंजी त्यो हाय का न्हाय?"

"आहे. तो आहेच. नाव दुसरं."

"मग हाय की."

राजश्रीला वाटलं होतं की इथं आपलं काम संपेल. पण पुढची गोष्ट घशाशी येऊन बसली होती. ती म्हणाली, आणखी एक आहे. तुला मी तुझं नाव दिलं म्हटलं, पण छापताना तसं लिहिलं नव्हतं. भीमा नदीवरून दिलं, असं लिहिलं होतं. तुझं लिहिलंच नाही. सरांचं तिनं काही सांगितलं नाही. ओळ तिच्या हातानं बदलली होती.

आईनं मान वर केली. तोंडाची डावी बाजू अजून जराशी खाली ओढलेली असायची, त्यामुळं ती हसते आहे की नाही हे पटकन कळत नसे. "बराबर लिवलंस की," ती म्हणाली. "नदीचंच हाय त्ये नाव. माजं कुटं हाय?"

मग तिनं सांगितलं. सावकाश, मधेच कानडी शब्द येत, मधेच राजमा उचलत. मैंदर्गीत तिचं नाव निंगव्वा होतं. अकराव्या वर्षी लग्न करून दिलं ते भीमेच्या काठच्या गावात. तिथं सगळं मराठी. सासू म्हणाली, हे नाव आमच्या जिभेवर बसत नाही. पाचव्या दिवशी पाण्याला घेऊन गेली आणि काठावर उभं करून म्हणाली, ही भीमा, आणि आजपासून तू बी भीमा. संपलं. पुढं दोन-तीन महिने कुणी भीमा म्हणून हाक मारली की ही आपली चूल फुंकत बसलेली, ओ देत नाही. सासूला वाटलं, पोरगी बहिरी पदरात घातली. एका वैदूकडं नेलं, त्यानं कानात तेल घातलं, आठ दिवस घातलं. नंतर हिला ऐकू यायला लागलं. बाप यायचा वर्षातून एकदा, तो निंगव्वा म्हणायचा, तो गेला. भाऊ होता. बहात्तरच्या दुष्काळात तो खडी फोडायला म्हणून निघाला, कुठं भिवंडीला गेला म्हणे, त्याचा पत्ता लागला नाही. राजश्री तेव्हा पोटात होती.

"मग म्हननारं कोन ऱ्हायलं न्हाय," आई म्हणाली.

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इचारलं कवा?"

ती हे रागानं बोलली नव्हती. खरंच आठवून पाहिल्यासारखं बोलली होती, की कदाचित विचारलंही असेल कधी. ताटात अजून अर्धे दाणे मिसळलेले होते. रेशनकार्डावर भीमा, मतदार यादीत भीमा, दवाखान्याच्या फाइलवर भीमा. सरकारी फॉर्मवर आईचं नाव लिहायची पद्धत पुढं आली तेव्हा राजश्रीनं स्वतःच्या अक्षरात कितीदा तरी लिहिलं होतं, भीमा. नाव टाकायच्या आधी मागं कोणतं आहे का हे पाहायला ती झेरॉक्सच्या दुकानांत दोन वर्षं उभी राहिली होती, आणि ज्या बाईचं नाव टाकायचं होतं ती संध्याकाळी घरी भाकरी थापत असायची. हे सगळं तिला लख्ख दिसत होतं, एकाखाली एक. लाज वाटायला हवी होती. ती वाटण्याच्या जागेवर काहीतरी दाबल्यासारखं होत होतं, पण बधिर केलेल्या दातावर चिमटा लागतो तेव्हा होतं तेवढंच. आई म्हणाली, चा टाक की, आणि तिनं उठून चहा टाकला.

सोमवारी तिनं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून उत्तर लिहिलं. लिहायला चार दिवस लागले नाहीत, पंधरा मिनिटं लागली. तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी मूळ नमुना पुन्हा पाहिला. ज्याला मी झालर म्हटलं ती भिंतीला पडलेली घडी आहे. अकरापैकी दोनच नमुन्यांत ती दिसत होती, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. स्लाइड पाठवत आहे, ती तुमच्याच संस्थेत ठेवून घ्या, इथं आता विभाग नाही. जुनं नाव राहू द्या. इथपर्यंत लिहून ती थांबली. अंकितानं मेलमध्ये असंही लिहिलं होतं, आपल्याला आणखी काही दुरुस्ती सुचवायची असल्यास जरूर कळवा. राजश्रीनं लिहिलं, नावाचा उगम म्हणून जे छापलं आहे ते बरोबर आहे, त्यात बदल नको. मग नमुने हजारांनी मिळाले म्हणता, तर त्यातल्या एकाचं छायाचित्र मला पाठवाल का, असं विचारावंसं वाटलं. तेही तिनं लिहिलं आणि पाठवून दिलं.

सिद्धारामनं स्लाइड कापसात गुंडाळली, प्लास्टिकच्या डबीत घातली, डबी खोक्यात, खोक्यात जुन्या उत्तरपत्रिकांच्या पानांचे बोळे. खोक्याला चिकटपट्टी लावताना बधिर अंगठ्यानं तिचं टोक त्याला सापडत नव्हतं, म्हणून राजश्रीनं ते नखानं सोडवून दिलं. पत्ता त्यानं आपल्या वळणदार अक्षरात लिहिला आणि विचारलं, आत काय म्हणून लिहू? ती म्हणाली, काच लिहा. तो स्वतः टपाल कार्यालयात जाऊन पावती घेऊन आला.

ती घरी आली तेव्हा उन्हं अजून होती. हेमावती दार लोटून खाली दळण आणायला गेली होती, तशी चिठ्ठी तिनं शूजच्या कपाटावर ठेवली होती. आई आतल्या खोलीत होती. खिडकीशी खुर्ची ओढून बसायची ही तिची वेळ. राजश्रीनं चपला काढल्या. एरवी ती दारातूनच, आई, आले गं, असं म्हणायची, आणि आतून काही उत्तर येत नसे, यावं अशी अपेक्षाही नसे. आज तिनं तोंड उघडलं आणि निघालं ते दुसरंच. मोठ्यानं नाही, पण घरात ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "निंगव्वा."

"बंदे."

आतून लगेच आलं. आले, असं कानडीत म्हणतात ते. एवढं राजश्रीला हेमावतीमुळं समजत होतं. पण तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. पातळ, चपळ, कामातून उठून धावत येणाऱ्या मुलीचा. खुर्ची सरकली. मग काठीचा आवाज, एक पाऊल, ओढलेलं दुसरं पाऊल. आई बोळकांडीत आली आणि भिंतीला खांदा टेकून उभी राहिली. तिनं राजश्रीकडे पाहिलं नाही. तिच्या मागं, अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं, जिन्यात कुणी उभं आहे का असं. तिथं कुणी नव्हतं.

"कोन हाक मारलं?"

"मी."

आईनं आता तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याची एक बाजू हलली, दुसरी हलली नाही.

"आनि एकदा मार की," ती म्हणाली.

राजश्रीनं पर्स खाली ठेवली. तोंड उघडलं. तिला कपाटाची कड धरावी लागली, आणि आवाज फुटायला वेळ लागला. तोवर आई उभी राहिली.